सहा सेकंदांची शांतता

गाणी ऐकायला घरी एक चांगलं यंत्र घ्यायचं, असं घड्याळजींनी मुलीला सांगितलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं घड्याळ कानाला लावून त्याचा रोग ओळखणारा माणूस. दुकान बंद केल्यावर कानांना काहीतरी उद्योग हवाच. तिनं ओळखीच्या दुकानदाराला गाठलं. त्याला ती कानसेन म्हणायची, कारण गाण्याच्या नावानं शंख असला तरी ऐकण्यात तो कुणाला हार जायचा नाही.

कानसेनानं तीन संच आणून बैठकीच्या खोलीत मांडले. "चार दिवस वाजवून बघा, काका. इंटरनेटवरून गाणं येतं ते आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचं काम ही डबी करते, हिला डॅक म्हणतात. खरी मेख इथंच आहे. आणि तिन्ही संचांवर एकच तुकडा लावा, तेवढ्याच मोठ्या आवाजात. नाहीतर जे मोठ्यानं वाजतं तेच चांगलं वाटतं."

तुकडा घड्याळजींनी कधीच ठरवून ठेवला होता. नऊ वर्षांपूर्वीच्या एका व्हायोलिनच्या मैफलीचं, मध्यंतरानंतरचं ते ध्वनिमुद्रण. त्यात संथ भाग संपतो आणि जलद सुरू होण्याआधी वादक बरोबर सहा सेकंद थांबतो. त्या मैफलीला पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. मध्यंतरात एका गिऱ्हाइकाला घड्याळ पोचवून येतो म्हणून ते उठले, ते सगळं आटोपल्यावरच उगवले. पुढं कितीतरी दिवस तिनं त्यावरून त्यांना धारेवर धरलं होतं.

ती जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. कुणी फोन समोर धरला की ती पळ काढायची, त्यामुळे तिचा आवाज घरात कुठंच शिल्लक नव्हता. पण गप्प बसणं हा काही तिचा स्वभाव नव्हता. त्या सहा सेकंदांत ती शेजारच्या खुर्चीकडे वळून काहीतरी पुटपुटली असेल, अशी घड्याळजींना वेडी आशा होती. हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या संचावर त्या सहा सेकंदांत नुसतीच खरखर ऐकू आली. दुसऱ्यावर एक खुर्ची करकरली, मागं कुणीतरी खोकलं. घड्याळजी पुढं सरसावून बसले. म्हणजे हॉल होता, माणसं होती. फक्त आणखी जवळ जायला हवं होतं.

तिसऱ्या संचासाठी त्यांनी दुपारभर खटपट केली. वायफायचा भरवसा नको म्हणून थेट तार ओढली, स्पीकर भिंतीपासून पुढं घेतले, घरघर नको म्हणून फ्रिजसुद्धा बंद केला.

"दूध नासलं तर तुम्हालाच पाजीन हं," मुलगी म्हणाली.

संथ सूर विरत गेला. एक सेकंद. दोन. आणि मग, अगदी हळू...

"अहो... आलात का?"

घड्याळजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांना आनंदच झाला, दुसरं काहीच नाही. मुलगी जागच्या जागी खिळली. तेवढ्यात एका पुरुषाचा घोगरा आवाज आला, "आलो. जरा उशीरच झाला." आणि व्हायोलिन सुरू झालं.

"बाबा, हे तर तुम्हीच!"

"मी नव्हतो गं तिथं." त्यांनी आपला गळा चाचपला. घशाच्या ऑपरेशननंतर, म्हणजे गेल्या वर्षीपासून, त्यांचा आवाज असा घोगरा झाला होता. नऊ वर्षांपूर्वी तो खणखणीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कानसेन आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं डोळे मिटून तो तुकडा तीनदा ऐकला.

"खोकला हॉलमधला आहे. त्याला घुमारा आहे. पण हे बोलणं हॉलमधलं नाही, काका. छोटी खोली आहे ही. छत बसकं... डाव्या हाताला पुस्तकांचं कपाट असावं, आणि खिडकीला जाड पडदा..." बोलता बोलता त्यानं डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पडद्याकडे. त्यानं तिसऱ्या संचाच्या तारेकडे हात नेला. म्हणाला, "हा संच मी परत नेतो. तुम्हाला दुसराच बरा."

"एकदाच," घड्याळजी म्हणाले.

बंद घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय त्यांना कधी चैन पडलं नव्हतं. या खोलीतलं, या घोगऱ्या आवाजातलं ते उत्तर आपण अजून दिलेलंच नाही, मग दिलंच नाही तर काय होईल? त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबला आणि तुकडा लावला.

"अहो... आलात का?"

यावेळी उत्तर आलं नाही. घड्याळजी मनात मोजत होते. सहा सेकंद झाले. सात. आठ. व्हायोलिन सुरू झालं नाही. बारा झाले, पंधरा झाले. मागं कुठंतरी पुन्हा खुर्ची करकरली. एवढी सगळी माणसं श्वास रोखून बसली होती.

"अहो," ती म्हणाली. आवाज आता अगदी शेजारून आला, थोडा रुसलेला. "सगळे थांबलेत."

मुलीनं त्यांचा दंड घट्ट धरला. "बाबा... बोलू नका."

घड्याळजींनी तोंडावरचा हात काढला.