सव्वापाचची वाट

लवंगी हे अवघं चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू होतं आणि तिने त्या आठवड्यात दोन चपला, एक उशी आणि यशवंतराव काटकरांच्या जुन्या नकाशांची एक अख्खी गुंडाळी फाडली होती. नकाशांचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. भूमापक म्हणून निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्यांनी मोजलेल्या जमिनी आता कोणाच्या होत्या, देव जाणे. पण रविवारी फिरायला नेताना मांजर दिसलं आणि लवंगीने असा हिसका दिला, की गोडोलीच्या भर रस्त्यात ते गुडघ्यावर पडले. गुडघा नवा बसवलेला होता. संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, मुक्ताचा फोन आला.

"बाबा, एक तर ते पिल्लू कुणाला तरी द्या, नाहीतर माझ्याकडे राहायला या. दोन्हींतलं एक ठरवा."

म्हणून यशवंतरावांनी रेवती शिंगटेला बोलावलं.

रेवतीने चौदा वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात काढली होती. साताऱ्यात कुत्र्याला वळण लावावं तर शिंगटेबाईंनीच, असं लोक म्हणत, आणि तिलाही ते मान्य होतं. ती फाटकातून आत आली तशी लवंगीने तिच्या अंगावर उडी घेतली. रेवती पाठ फिरवून झाडासारखी उभी राहिली. पुन्हा उडी, पुन्हा पाठ. पाचव्या वेळी लवंगी गोंधळून खाली बसली, आणि त्याच क्षणी रेवतीने वाकून तिच्या तोंडात शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा ठेवला.

"काका, हिच्यात काही खोट नाही," ती म्हणाली. "दात येताहेत म्हणून चावते. उडी मारली की तुम्ही ओरडता, तिला वाटतं तुम्ही खेळताय. दोरी ओढली की तुम्ही तिच्यामागे चालता, म्हणजे ओढल्याने काम होतं हे तुम्हीच तिला शिकवलंत. तिने ओढलं की थांबायचं. दोरी सैल झाली की चालायचं. तीन महिन्यांत सुधारेल."

"तीन महिने माझा गुडघा टिकायला हवा ना," यशवंतराव म्हणाले. ते आत गेले आणि एक छोटी डबी घेऊन आले. डबीत नखाएवढी, कागदासारखी पातळ पट्टी होती. "ही आमच्या सुभेदारची. गेल्या माघात गेला तो. तुम्ही लोक एका कुत्र्याचं वळण दुसऱ्याला देता ना? मग त्याचं हिला द्या."

वळणपट्टी बाजारात येऊन सहा वर्षं झाली होती. कुत्र्याच्या कानामागचे केस भादरून ती चिकटवायची. डोक्याच्या हालचाली, नाडी आणि मेंदूतल्या विजेचे बारीक तरंग ती टिपत राहते. कुत्रा तीच गोष्ट रोज त्याच तऱ्हेने करू लागला, की त्या सवयीचा एक ठसा तयार होतो. मग तो ठसा दुसऱ्या पट्टीत भरून नव्या कुत्र्याला लावता येतो. नवा कुत्रा झोपेत स्वप्न बघत असताना पट्टी त्याला अगदी हलके स्पंद देते, आणि शंभर वेळा शिकवून जे अंगी मुरलं असतं ते पंधरा रात्रींत मुरतं. रेवतीने आजवर दोनशेच्या वर कुत्र्यांना अशी पट्टी लावली होती. बहुतेक मालकांकडे स्वतःचा जुना कुत्रा नसे. त्यांच्यासाठी ती कंपनीच्या संग्रहातून कुठल्या तरी गुणी कुत्र्याचे ठसे घेई.

"एक लक्षात घ्या," तिने सांगितलं. "हिच्यात सुभेदार येणार नाही. आठवणी जात नाहीत, फक्त सवयी जातात. आणि पट्टी वळण देते, परत घेत नाही."

"चालेल," ते म्हणाले. "चांगला होता तो."

तिने व्हरांड्यातच आपली फळी, म्हणजे पट्टी वाचणारा छोटा संगणक, उघडून पट्टी वाचली. ठशांना नावं नसतात. वेळ, कालावधी आणि हालचाल एवढंच दिसतं. पण इतक्या वर्षांच्या सरावाने तिला ते वर्तमानपत्रासारखं वाचता येई. हा शिट्टीवर परत येण्याचा. हा सैल दोरीने चालण्याचा. हा जेवणाआधी थांबण्याचा. शेवटी एक ठसा तिला फार आवडला: रोज संध्याकाळी पस्तीस मिनिटं, एका जागी, जवळजवळ निश्चल. असा ठाम ठसा तिने क्वचितच पाहिला होता. एका जागी बसू न शकणाऱ्या पिल्लाला हेच हवं, असं तिच्या मनात आलं, आणि तिने तोही भरला. काकांना विचारण्याची तिला गरज वाटली नाही.

पंधरा दिवसांत लवंगी बदलली. दोरी सैल राहू लागली. चपला जागच्या जागी राहिल्या. मुक्ता भेटायला आली तेव्हा लवंगी उडी न मारता तिच्यासमोर बसली आणि तिने पंजा पुढे केला. मुक्ताने पिल्लू द्यायचा विषय पुन्हा काढला नाही.

महिना झाला तेव्हा यशवंतरावांचा फोन आला. "जरा याल का? पण पाचच्या आत या."

रेवती पोहोचली तेव्हा ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. पाच वाजून दहा मिनिटांनी लवंगी अंगणातला खेळ अर्धवट टाकून उठली, फाटकाशी गेली आणि बसली. कान ताठ, मान डावीकडे, रस्ता जिथे वळतो तिथे नजर. रेवतीने हाक मारली. तिने शेपूटही हलवली नाही. पनीरचा तुकडा नाकाशी धरला तरी तिने तो हुंगला नाही. शेजारची मांजर भिंतीवरून गेली, तिच्याकडेही पाहिलं नाही. पावणेसहाला तिच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, ती उठली आणि जिन्याखाली जाऊन पडली.

"रात्रीचं जेवत नाही आता," यशवंतराव म्हणाले. "दीड किलोने उतरलीय."

रेवतीने फळीवर नाडी पाहिली. तो आराम नव्हताच. त्या पस्तीस मिनिटांत लवंगीचं काळीज पळणाऱ्या कुत्र्यासारखं चालत होतं.

"काका, सुभेदार तिथे का बसायचा?"

"मुक्ताची आई, मंदाकिनी, गणित शिकवायची. शाळेतून सव्वापाचला त्या वळणावर दिसायची." ते फाटकाकडे बघत होते. "ती गेली त्यानंतरही तो दोन वर्षं बसला. शेवटच्या दिवसापर्यंत. हे असलंही पट्टीत उतरतं, याची मला कल्पना नव्हती."

"मला असायला हवी होती," रेवती म्हणाली. "मी न विचारता भरलं. चूक माझी आहे."

त्यांनी मान हलवली, पण तिला दोष दिला नाही. मग ओशाळून म्हणाले, "मी तुम्हाला दोन आठवड्यांपूर्वीच बोलवायला हवं होतं. पहिल्या दिवशी ही तिथे जाऊन बसली आणि मी चहा घेऊन इथे बसलो. दुसऱ्या दिवशीही. या पिल्लाने तिला कधी पाहिलं नाही, तिचा वास घेतला नाही, आणि तरी कुणीतरी तिची वाट बघतंय, हे बरं वाटायचं. मुक्ता तर रोज सव्वापाचला पुण्यातून फाटकाचा कॅमेरा उघडून बघते. आम्ही दोघंही काही बोललो नाही."

"ही मोठी झाली की ठसा पक्का होईल," रेवती म्हणाली. "आपल्याकडे तीनेक महिने आहेत."

"काढता येत नाही म्हणालात."

"काढता येत नाही." ती उठून फाटकापर्यंत गेली, डावीकडच्या वळणाकडे पाहून परत आली. तिच्या बोलण्यात पुन्हा नेहमीचा ठामपणा आला होता. "पण सवय म्हणजे अर्धं वाक्य असतं, काका. सुभेदारचं वाक्य दोन वर्षं अर्धवट राहिलं, आणि तेच आपण हिला दिलं. वाट बघणं थांबवण्याचा एकच रस्ता आहे. कुणीतरी यायला हवं."

"कोण येणार?"

"तुम्ही. पाचला मागच्या दाराने निघा, पाणंदीने वळसा घाला आणि सव्वापाचला त्या वळणावरून घरी या."

यशवंतरावांनी वळणाकडे पाहिलं. "तो तिचा रस्ता आहे," एवढंच म्हणाले.

"हो," रेवती म्हणाली. "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात बसली आणि ते निघाले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण त्या वळणावरून सव्वापाचला घराकडे ते कधी आले नव्हते; ते नेहमी घरात किंवा कचेरीत असत. कोपऱ्यावर आल्यावर त्यांना आपलं घर तिथून कसं दिसतं ते दिसलं: फाटक, पिवळी भिंत, आणि फाटकाच्या गजांतून रोखून बघणारे दोन डोळे. त्यांचे पाय थबकले. मंदाकिनीला रोज हेच दिसत असणार. दमून येताना तिचा चेहरा नेमका इथेच उजळत असणार, आणि घरात चहा टाकणाऱ्या त्यांना ते कधी कळलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि ते चालू लागले.

लवंगीने त्यांना पाहिलं, पण ती हलली नाही. ती ज्याची वाट बघत होती, ते हे नव्हते. फाटक उघडून ते खाली बसले, गुडघा दुखला तरी बसले, आणि म्हणाले, "आलो गं." तिने त्यांचा हात हुंगला आणि पुन्हा वळणाकडे बघू लागली.

"उद्या पुन्हा," रेवती म्हणाली.

सहाव्या दिवशी त्यांच्या पावलांच्या आवाजाला लवंगीचा एक कान हलला. नवव्या दिवशी शेपूट. बाराव्या दिवशी ते कोपऱ्यावर दिसताच ती उभी राहिली आणि फाटकाच्या गजांवर पुढचे दोन्ही पाय टाकून इतकी भुंकली, की शेजारचे लोक बाहेर आले. त्या रात्री तिने वाटी चाटून पुसली. मग रेवतीने त्यांना वेळ बदलायला सांगितलं: आज पाच, उद्या साडेपाच, परवा उजवीकडून. वाट बघण्याची घट्ट गाठ एकेक पीळ करत सुटत गेली. दीड महिन्याने एका संध्याकाळी ते आले तेव्हा फाटकाशी कुणीच नव्हतं. लवंगी मागच्या अंगणात कर्दळीचं आळं उकरत होती, तोंडभर माती.

त्यांनी कळवायच्या आधीच मुक्ताचा फोन आला. तिने कॅमेऱ्यात मोकळं फाटक पाहिलं होतं. बापलेक खूप वेळ बोलले, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच आईबद्दल बोलले.

त्या दिवशी रेवती समाधानाने घरी आली आणि नेहमीप्रमाणे वही काढून लवंगीच्या नावापुढे शेरा लिहू लागली. लिहिता लिहिता थांबली. यशवंतरावांना निदान ठाऊक होतं की त्यांचं पिल्लू कुणाची वाट बघतंय. पण संग्रहातले ठसे ज्या कुत्र्यांचे होते, त्यांची घरं कुठे होती, तिथून कोण गेलं होतं, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं. निश्चल बसण्याचे तसे ठसे तिने चौसष्ट कुत्र्यांना दिले होते. हा हिशेब आपल्यालाच निस्तरायचा आहे आणि तो निस्तरता येतो, हे आता तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने यादीतला पहिला नंबर लावला. कोरेगावच्या डॉ. शुभदा बोधे, लॅब्रॅडॉर, नाव बटाटा.

"ताई, बटाटा कसा आहे?"

"अगदी गुणी. तुमची कृपा."

"दिवसातून एखाद्या ठरलेल्या वेळी तो काही कारण नसताना एका जागी बसून राहतो का?"



"दुपारी पावणेदोनला," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "गॅलरीत. तिथून फक्त रेल्वेचे रूळ दिसतात. तुम्हाला कसं कळलं?"

"काळजी करू नका, आपण मार्ग काढू," रेवती म्हणाली आणि तिने पेनाचं टोपण काढलं. "आधी मला एवढंच सांगा, तो येणाऱ्या गाडीच्या दिशेला बघतो, की जाणाऱ्या?"