आप्पासाहेबांचा नंबर

ही घडलेली गोष्ट आहे. बेलापुरात विचारा. लोक विषय बदलतील, पण खोटी म्हणणार नाहीत.

१९९७ची लग्नसराई. पेठेत मंडपवाल्यांची दोन दुकानं समोरासमोर. एक गहिनीनाथचं, दुसरं आप्पासाहेबांचं.

आप्पासाहेब गहिनीनाथच्या डोळ्यांत सलायचे. कारण एकच. फोन.

गहिनीनाथचा फोन साधा. खांबावरून तार आली, टेबलावर डबडं बसलं. तो दुकानात नसला की घंटी वाजून वाजून गप्प व्हायची आणि गिऱ्हाईक समोर जायचं.

आप्पासाहेबांनी धंद्यासाठी एक वेगळाच नंबर घेतला होता. त्याला ना तार, ना डबडं. एक्स्चेंजमध्ये सांगून, आपण जिथं असू तिथल्या फोनवर ते तो वळवून घ्यायचे. दुकानात, घरी, श्रीरामपूरला मेव्हण्याकडे. एक फोन चुकायचा नाही. वर बोलणंही लाघवी.

गहिनीनाथ नुसता जळायचा.

जानेवारीत आप्पासाहेब छातीत कळ येऊन गेले. तेराव्याचं जेवून हात धुतानाच गहिनीनाथनं त्यांच्या बायकोपाशी, केशरबाईंपाशी, विषय काढला.

"वैनी, गिऱ्हाईक अडून बसंल. तेवढा नंबर माज्या दुकानावर वळवा."

केशरबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"न्या. त्यांचं समदंच पायजे हुतं तुमाला."

नंबर वळवला. फोन काही वाजला नाही.

एक दिवस... दोन दिवस...

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पढेगावचे रंभाजी आले.

"सतरा तारखेचा मंडप. आप्पासाहेब म्हनले, सामान गहिनीनाथकडून उचला."

"कवा म्हनले?"

"आत्ता सकाळी की. फोनवर."

गहिनीनाथ सकाळपासून फोनपुढेच बसला होता...

त्या आठवड्यात असे पाचजण आले. धंदा दुप्पट झाला. पण प्रत्येकाच्या तोंडी आप्पासाहेबच. गहिनीनाथला भीती वाटली, पण त्याहून जास्त पोटात दुखलं. माणूस मेला तरी गिऱ्हाईक त्याचंच!

त्यानं केशरबाईंना अर्ज द्यायला लावून तो नंबरच बंद करून टाकला.

"आता तो नंबर कुठंच नाही," एक्स्चेंजमधल्या बाबूनं सांगितलं.

गहिनीनाथ गाढ झोपला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी घरी आला तर बायको, जयमाला, गुणगुणत चहा ठेवत होती.

"आज शेजारच्या साळूबाईंकडून फोन केला तुमाला. किती येळ बोललात! इतक्या वर्सांत असं कदी बोलला न्हाई."

"कुठल्या नंबरला केला?"

"आपल्याच की. दुकानाच्या."

तो फोन दिवसभर वाजला नव्हता.

पुढच्या दुपारी गहिनीनाथ फोनपुढे बसून राहिला. दोन वाजले. घंटी नाही. त्यानं हळूच रिसीव्हर उचलला...

टोन नव्हता.

कानात जयमाला हसत होती. लाजून.

मग ती गप्प झाली. पलीकडचं कुणीतरी बोलतंय आणि ती ऐकतेय, अशी गप्प. त्याला मात्र काहीच ऐकू येईना.

"जयमाला!" तो ओरडला.

"इश्श," ती म्हणाली. त्याला नाही.

गहिनीनाथनं फोन उपटून काढला. तारसुद्धा तोडली.

तरी दोनच्या सुमाराला जयमाला साळूबाईंकडे जाते. तासाभरानं परत येते, डोळ्यांत काजळ घातलेलं असतं.

ती कुणाशी बोलते, हे विचारायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.