सत्र चालू ठेवायचं?

लातूरच्या आमच्या घरात टेबल एकच, तेही स्वयंपाकघराच्या दारापाशी. त्यावर माझा लॅपटॉप. बाजूला छताच्या कडीला टांगलेली वल्लरीची झोळी. झोळीचा दोर मी पायाच्या अंगठ्यात अडकवते आणि काम करते. हात कीबोर्डवर, पाय दोरावर. बाळंतपणाची रजा संपल्यापासून असंच चाललंय.

काम असं की किनवटला निवासी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचा सर्व्हर आहे. मुलांच्या हजेऱ्या, दाखले, सगळं त्यात. त्यावर इथून लक्ष ठेवायचं. मी त्याला कधी हात लावलेला नाही. किनवटही पाहिलेलं नाही. ब्राउझरमध्ये एक पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, की त्याचं पान उघडतं. वर यंत्राचं नाव. खाली तापमान, पंख्याचा वेग, चालू-बंदचं बटण आणि काय कधी घडलं याची नोंदयादी. यंत्र बंद केलं तरी हे पान उघडतं, कारण आत एक छोटा वेगळा भाग कायम जागा असतो. प्लग काढला की मात्र तोही जातो. आणि वीस मिनिटं कशाला हात लावला नाही तर पान विचारतं: सत्र संपत आहे, चालू ठेवायचं? हो म्हणायचं. विसरलं तर परत पासवर्डपासून सुरुवात.

यंत्राचं नाव मीच दिलेलं. मला आठवा महिना होता. नाव दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात तेव्हा एकच नाव होतं. मी टाइप केलं, वल्लरी. बाळाचा जन्म, बारसं, नणंदेनं कानात नाव सांगणं, हे सगळं त्यानंतर. ही गोष्ट मी घरात कुणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मला लिहून ठेवायची सवय आहे. बाळ कधी झोपलं, किती प्यालं, कधी रडलं, सगळं एका वहीत. माझे यजमान रविकांत हसतात. "तू आई हाय का तलाठी?" म्हणतात. ते निलंग्याला नोकरीला, सकाळच्या एसटीनं जातात, संध्याकाळी येतात. दिवसभर घरात मी, वल्लरी आणि सासूबाई.

लस दिल्यानंतर वल्लरीला ताप आला. सकाळी अकराला एकशे दोन. औषध दिलं, कपाळावर ओली घडी ठेवली आणि सवयीनं पान उघडलं. तापमान एकोणचाळीस. एरवी सदतीसच्या आसपास असायचं. मी किनवटच्या सुदर्शनदादांना फोन लावला. ते तिथले ऑपरेटर.

"दादा, खोली तापलीय का?"

"न्हाई ओ मॅडम. एसी बावीसवर हाय. मी सोताच स्वेटर घालून बसून राहिलो."

फोन ठेवला आणि उगीच मनात हिशेब केला. एकशे दोन म्हणजे सेल्सिअसमध्ये किती? एकोणचाळीस.

योगायोग असतात. मी बीएस्सी केलंय, एवढं मला कळतं. तरी वही आणि नोंदयादी शेजारी-शेजारी ठेवली. मंगळवार, एक दहा, बाळ झोपलं. यादीत मंगळवार, एक दहा, पंख्याचा वेग कमी. चार पाच, रडत उठलं. चार पाच, पंख्याचा वेग वाढला. मागे तीन आठवडे गेले. एकही वेळ चुकली नव्हती.

फक्त एक नोंद वहीत नव्हती. मागच्या आठवड्यातला गुरुवार, तीन बेचाळीस. इशारा: धक्का. मी परत फोन केला.

"दादा, गुरुवारी यंत्राला कुणाचा धक्का लागला का?"

"कसा लागंल? खोलीला कुलूप हाय, अन् किल्ली माझ्या करदोट्याला. मी पडलो तर मशीन पडंल."

ते हसले. मी हसले नाही. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी विचारलं, "आई, गुरुवारी दुपारी मी बँकेत गेले होते, तेव्हा वल्लरी पडली होती का?"

त्यांचा हात सुपातच थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"पडली होती?"

"बाजेवरून. लई न्हाई लागलं. तू जीव घेतला असतास माझा, म्हणून बोलले न्हाई."

त्या रात्री मी रविकांतना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

शुक्रवारी ताप उतरला. सोमवारी दुपारी दीड वाजता ऑफिसचा निरोप आला. किनवटला नवीन सर्व्हर बसलाय, माहिती सगळी त्यात गेलीय. जुना आज बंद करा.

बंद करायचं म्हणजे पानावरचं ते लाल बटण दाबायचं. मी झोळीत पाहिलं. वल्लरी झोपली होती, मूठ गालाखाली.

मी सुदर्शनदादांना म्हटलं, "आज नको. उद्या करू."

"साहेब हितंच उभे हायेत, मॅडम. जुनं उचलून कपाटात टाकायचंय. तुम्ही बंद करा, न्हाईतर मी तसाच प्लग उपटतो."

"थांबा! दहा मिनिटं थांबा."

माझा आवाज चढला असावा, कारण सासूबाई उठून आल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत.

"नाव कधी दिलंस त्याला?"

"आठव्या महिन्यात."

"बारशाच्या आधी?"

मी मान हलवली.

"ज्याला आधी दिलं, त्याचं झालं की गं ते." त्या लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "काढून घे. नाव काढून घे त्याच्याकडून."

"रिकामं ठेवता येत नाही, आई. काहीतरी लिहावंच लागतं."

त्यांनी कोपऱ्यातल्या पाट्याकडे पाहिलं. बारशाला त्यांनीच त्यावरचा वरवंटा धुऊन, कुंकू लावून, त्याला वल्लरीची कुंची घातली होती. बायकांनी तो पाळण्याच्या खालून वरून फिरवला होता. लेकरू वरवंट्यासारखं टणक राहावं म्हणून. आधी तो पाळण्यात, मग बाळ.

"मग त्याचं लिही," त्या म्हणाल्या.

मी वल्लरी खोडलं. वरवंटा लिहिलं. जतन केलं. पान क्षणभर पांढरं झालं आणि नवीन नाव घेऊन परत आलं.

मी लाल बटण दाबलं.

झोळीत काही हाललं नाही. मी वाकले. श्वास चालू होता. मी भिंतीला टेकून खाली बसले.

फोनवर सुदर्शनदादा म्हणाले, "झालं बगा. प्लग काढला. वायर माझ्या हातात हाय."

पान अजून उघडं होतं.

जुनं असेल, म्हटलं. आधी आलेलं तसंच दिसत असेल. पण तापमानाचा आकडा बदलला. छत्तीस. सदतीस.

वर नाव होतं, वल्लरी.

"दादा, वायर नक्की हातात आहे?"

"हाव. अन् मशीन कपाटात."

नोंदयादीत नवी ओळ आली. दोन सोळा, पंख्याचा वेग वाढला. मग दोन सतरा. परत वाढला. बाळ रडत उठलं की वाढायचा, तसा.

झोळीत वल्लरी जागी होती. डोळे उघडे. रडत नव्हती. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि तसाच ठेवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "ताप न्हाई आता."

मी थर्मामीटर काखेत धरला. तो वाजला. आकडा आला नाही. नुसतं 'लो'.

मी दोर अंगठ्यात घेतला आणि ओढला. कडी करकरली. झोळी हलली नाही, इतकी जड. मी परत ओढला. आणखी जोर लावून ओढत राहिले.

पानावर ओळ आली. दोन एकवीस, पंख्याचा वेग कमी.

आता दोन आठवडे होतील. रविकांत खूश आहेत. पोरगी लई शहाणी झाली म्हणतात, रडतच न्हाई. मी ब्राउझरची ती खिडकी बंद केलेली नाही. लॅपटॉपचा चार्जर काढत नाही. पान रिफ्रेश करून बघावं असं सारखं मनात येतं, बोट बटणापर्यंत जातं आणि परत येतं. दर वीस मिनिटांनी ते विचारतं, चालू ठेवायचं? मी हो म्हणते.

मी आंघोळीला जाते तेव्हा सासूबाई येऊन खुर्चीत बसतात. त्यांना वाचता येत नाही. कुठलं बटण ते मी त्यांना दाखवलेलं नाही. त्या ते बरोबर दाबतात, आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉपच्या पाठीवर हळूहळू थोपटत राहतात.