टिटवीचा डावा कल

टिटवीने पुन्हा डावीकडे मान टाकली.

ऋजुताने दांडी सोडून हात मांडीवर ठेवले होते. कराडच्या धावपट्टीवरून उडालेलं टिटवी नावाचं ते दोन खुर्च्यांचं चिमुकलं विमान आपलं आपणच कलत नदीकडे निघालं. निनाददादाला नदीवर घिरट्या घालायला आवडायचं. पावसाळ्यात तो डेंग्यूने गेला. तेव्हापासून ऋजुताला सगळं जगच दाताच्या डॉक्टरने सुई दिलेल्या गालासारखं वाटत होतं. आहे, पण आपलं नाही.

उतरल्यावर ती गुळवणी सरांना म्हणाली, "पंख पुसायचे नाहीत, सर. त्यांत दादा आहे."

टिटवीचे पंख सरांनी आणि निनादने मिळून घडवले होते. त्यांना हलणाऱ्या झडपा नव्हत्या. पातळ कातडीखाली स्मृतितंतू विणले होते, ते ताणले की अख्खा पंखच आकार बदलायचा. पुढच्या महिन्यात परीक्षक येणार होते, आणि कलणारं विमान ते नापास करणार. म्हणून आज तंतूंची स्मृती पुसायची ठरली होती.

"तंतूंना माणूस कळत नाही गं," सर म्हणाले. "विमान सरळ ठेवायला हाताला रोज जो जोर लावावा लागतो, तेवढाच ते शिकतात. तोही महिनोन्‌महिने. मग तो जोर तेच लावतात, हात मोकळा."

"दादाला कसला जोर लावावा लागायचा?"

सरांनी उजव्या खुर्चीकडे पाहिलं. "तिथे कोण बसायचं?"

तीच बसायची, दर वेळी. "म्हशे, जिलब्या कमी खा, विमान कलंडतंय," असं निनाद म्हणायचा आणि ती त्याला कोपर मारायची.

"पंख अजून त्या खुर्चीतलं तुझं वजन तोलतायत. तू डावीकडे एकटी बसलीस, उजवी खुर्ची रिकामी. कलणारच."

म्हणजे पंखांत दादा नव्हता. तीच होती. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

"दाखवा," ती म्हणाली.

सर आणि निनाद अंगाने सारखे, एकमेकांची जॅकेटं घालायचे. सर डावीकडे बसले, ती उजवीकडे. वर गेल्यावर सरांनी दांडी सोडली. टिटवी सुतासारखी सरळ चालली, आणि मग अगदी किंचित, डावीकडे झुकली.

"चुकलं तुमचं गणित."

सरांनी दांडी पुन्हा धरली. "माझं वजन तेच. पंख तेच." मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. घड्याळ मनगटावरून घसरून पार कोपराशी आलं होतं. "ऋजुता, तू जेवतेस ना?"

तिने घड्याळ पुन्हा मनगटावर ओढलं.

खाली आल्यावर सरांनी पुसायच्या कळीला हात लावला नाही. डबा उघडून तिच्यासमोर सरकवला.

"शेपू?" तिने नाक मुरडलं.

"निनादही असंच करायचा. परीक्षकांना अजून महिना आहे. पंखांना काही झालेलं नाही. खा."

तिने घास घेतला. शेपू उग्र, वाईट लागला. पावसाळ्यापासून पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं.