सागवानी पलंग

दरवर्षी एप्रिल लागला की अंजनाबाई पलंगाला जवसाचं तेल लावायला बसत. कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत असताना त्यांच्या नवऱ्याने हौसेने करून घेतलेला तो सागवानी पलंग. निवृत्तीनंतर बाकीचं सामान तिथेच वाटून टाकलं, पण पलंग ट्रकमधून प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये आला. नवरा गेल्यावरही त्या याच पलंगावर झोपत राहिल्या. त्यांची पद्धत ठरलेली. आधी कोरड्या कपड्याने धूळ काढायची, मग जुन्या सुती लुगड्याच्या बोळ्याने तेल लावायचं, तेही लाकडाच्या रेषा जातात त्याच दिशेने. तासाभराने वर राहिलेलं पुसून घ्यायचं. कुलरचा झोत पलंगावर येऊ द्यायचा नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड बघता बघता तडकतं.

यंदा त्यांची बोटं आखडली होती, म्हणून बोळा रोशनीने हातात घेतला. रोशनी त्यांची एकुलती मुलगी, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. घरात दोघीच. तिने तेल लावलं, तासभर थांबली. तेल मुरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ते कडेच्या पट्टीवर थेंबाथेंबाने उभं होतं.

तिने जरीपटक्याहून रुपराव मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्याकडे लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र होतं, दोन सुया असलेलं. आधी त्यांनी त्या सुया जेवणाच्या टेबलात टोचल्या. सात टक्के. मग पलंगाच्या पायात. बावीस.

कुलरमुळे असेल, असं दोघांनाही वाटलं. कुलर हॉलमध्ये हलवला. भिंतीतून पाणी झिरपतंय का तेही पाहिलं. भिंत खडखडीत होती. आठ दिवसांनी मिस्त्री परत आले तेव्हा बाहेर पारा पंचेचाळीसवर होता. यंत्राने एकेचाळीस दाखवलं. मिस्त्रींनी पटाशीने डोक्याकडच्या फळीचा मागून एक बारीक छिलका काढला, आणि नाकाशी धरला.

"ताई, एवढं पाणी तं उभ्या झाडात राहते," ते म्हणाले. "आईले दुसऱ्या खोलीत झोपवा."

अंजनाबाईंना ते पटलं नाही. एवढ्या उकाड्यात पलंग कसा गारेगार लागतो, असं त्या कौतुकाने सांगत. इतकी छान झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती. तहान मात्र वाढली होती. उशाशी ठेवलेला तांब्या दुपारपर्यंत दोनदा भरावा लागे. ओठ फुटले, टाचांच्या भेगा खोल गेल्या. रोशनीने रक्त तपासून आणलं. साखर नाही, किडनी ठीक. पाणी भरपूर पाजा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं.

ती रोज आईच्या अंगाला खोबरेल चोळू लागली. तेल लावताक्षणी नाहीसं व्हायचं. तळहाताखाली कातडी पुन्हा कोरडीच्या कोरडी. एका सकाळी वाटीभर तेल संपलं, तरी आईचा हात तसाच. तेव्हा रोशनीच्या लक्षात आलं, की आपण कोपरापासून मनगटापर्यंत एकाच दिशेने चोळतोय. हातावर रेषा होत्या. लांब, सरळ, एकमेकींना धरून चाललेल्या. म्हातारपणी सुरकुत्या पडतातच, असं तिने स्वतःला समजावलं.

त्याच दिवशी तिने हॉलमध्ये लोखंडी खाट टाकली.

"काहून उठवून राहिली वं मले?" अंजनाबाई म्हणाल्या. "मी कुठं बिमार आहो?"

रोशनी खाली वाकली. त्यांना दोन्ही हातांवर उचलून तिने खाटेवर ठेवलं. शेजारच्या बाईंना हाक मारावी लागेल असं तिला वाटलं होतं. तशी वेळ आली नाही. आईचं वजन जाणवलंच नाही.

दुपारी पलंग खोलायला मिस्त्री करवत घेऊन आले. सांधे सुटत नव्हते, इतके ते फुगले होते. त्यांनी एका पायावर करवत धरली, चार-सहा वेळा ओढली आणि थांबले. चिरेतून पाणी येत होतं. बारीक, सलग धार. फरशीवरून ती मोरीकडे चालली.

मिस्त्रींनी करवत पुसून पिशवीत टाकली.

"माफ करा ताई. मी सुतार आहो. हे काम माझं नाही."

त्याच वेळी हॉलमधून अंजनाबाईंची कण्हण्यासारखी हाक आली. रोशनी धावत गेली. त्यांना पाय दुमडता येत नव्हता.

तासाभरात ती आईला घेऊन दवाखान्यात होती. तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं. सगळं व्यवस्थित होतं. फुप्फुसं बघतो, म्हणाले, आणि पडदा ओढून घेतला.

रोशनी बाहेर उभी राहिली. आईला कुशीवर वळवल्याचं तिला कळलं. पाठीवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने डॉक्टर ठोकून बघतात, हे तिला माहीत होतं.

टक, टक.

आवाज स्वच्छ होता. पोकळ.

डॉक्टर थांबले. मग थोडं खाली पुन्हा ठोकलं.

टक, टक.

 मग पडद्यामागून आईचा आवाज आला. शांत, झोपेत असल्यासारखा.

"कोण आहे? या ना. दार उघडंच आहे."