विनीतचा उभा फोटो

उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू जगात नाही, असं लोक म्हणतात. म्हणायला काय जातंय! त्या शनिवारी यशोधरा तिसरं दुकान पालथं घालत होती आणि तिला हवी असलेली साधी एक रिंग काही मिळत नव्हती.

गोष्ट दोन हजार आठ सालची. डिजिटल कॅमेरा तिनं सेकंडहँड घेतला होता, पण लेन्स मात्र बाबांची. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा, म्हणजे शंकररावांचा, स्टुडिओ होता तेव्हाची, जड, आटे फिरवून बसवायची. हात थरथरायला लागले तसा शंकररावांनी स्टुडिओ बंद केला, लेन्स कपाटात ठेवली आणि फोटो हा विषयच बोलण्यातून काढून टाकला. आता नव्या कॅमेऱ्याला जुन्या लेन्सचे आटे बसेनात. मध्ये रिंग असली की दोघांचं जमतं, एवढंच.

काउंटरवरचे सिंधी काका नवी लेन्स घे म्हणून मागे लागले होते. तेवढ्यात शेजारी घड्याळाचा सेल बदलून घेणारा एक उंच, सावळा मुलगा वळला.

"बघू जरा?"

"हात स्वच्छ आहेत का?"

त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. नखांच्या कडांना न निघणारं काळं होतं. "दोनदा धुतलेत. याहून स्वच्छ फक्त जन्मलो तेव्हा होते."

यशोधरेनं हसू दाबलं... आणि लेन्स त्याच्या हातात दिली. त्यानं ती ज्या बेतानं धरली ना, तिथंच अर्धं काम झालं होतं. पण तेव्हा तिला ते कुठून कळणार?

त्याचं नाव विनीत. राहायला बदलापूरला, बेलवलीत. अंबरनाथच्या एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायचं काम. रिंग लेथवर करून देतो म्हणाला, बदल्यात हवा फक्त एक फोटो. आई त्याच्यासाठी मुली बघत होती आणि तिला उभा फोटो पाहिजे होता, डोक्यापासून बुटांपर्यंत. स्टुडिओत गेलं की आपण पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतो, हेही त्यानं सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी तो रिंग घेऊन घरी आला. घरात बापलेक दोघंच. लेन्स कॅमेऱ्यावर चपखल बसली आणि यशोधरा त्याला गच्चीवर घेऊन गेली.

आता नव्या लेन्सचं बरं असतं. बटण दाबलं की आपोआप फोकस, अर्ध्या सेकंदात काम खलास. जुन्या लेन्सला तसं नाही. हातानं हळूहळू फिरवायचं, डोळा लावून बघत राहायचं... पापण्या स्पष्ट झाल्या का, नजर स्पष्ट झाली का, जरा पुढे गेलं का, पुन्हा मागे. परक्या मुलाकडे इतका वेळ बघायची मुभा कुठल्या मुलीला मिळते? यशोधरेला मिळाली होती, आणि वर "हलू नका" म्हणायचा अधिकारही.

"किती वेळ?" विनीतनं विचारलं.

"जुनी लेन्स आहे. वेळ लागतो."

"लागू द्या," तो म्हणाला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

उभा फोटो घ्यायला ती मागे सरकली आणि विनीत धूसर झाला. चार फुटांपलीकडचं काही स्पष्ट दिसेचना. दोघं खाली आले, तेव्हा शंकररावांनी रिंग काढून बोटांत फिरवली. स्टुडिओ बंद झाल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा ते या विषयावर आपणहून बोलले. रिंग जाड झालीय, त्यामुळे लेन्स पुढे बसते आणि लांबचं पकडत नाही. सूतभर काढायला हवं. विनीत ओशाळला, रिंग घेऊन गेला.

पुढच्या रविवारी पाच फुटांपर्यंत दिसलं. त्याच्या पुढच्या रविवारी सहा. उभ्या फोटोला सोळा फूट तरी लागतात. दर रविवारी चहा व्हायचा, विनीत शंकररावांना जुन्या काळातल्या उजेडाबद्दल विचारायचा, आणि बाबा असे खुलायचे की यशोधरा स्वयंपाकघरात उभी राहून गुपचूप डोळे पुसायची. या मुलाचे उपकार कसे फेडायचे, असं तिला वाटायचं. आणि वाढलेला दर फूट तिला नकोसा व्हायचा. सोळा फूट झाले की ती स्वतःच्या हातानं त्याचा फोटो काढणार, आणि तो जाणार दुसऱ्याच कुणा मुलीच्या घरी. बोलावं तर कसं? हिच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्याच्या घरात देव्हारा. त्याची आई काय म्हणेल, हे का कुणी सांगायला हवं!

सातव्या रविवारी तो गेल्यावर शंकरराव चहाचा कप ठेवत म्हणाले, कारखान्यात केसाच्या जाडीची चूक न करणाऱ्या माणसाला एक रिंग सात आठवडे जमत नाही, हे काही आपल्या गळी उतरत नाही बुवा. यशोधरा तशीच चपला घालून जिना उतरली. विनीत कोपऱ्यावर सापडला.

"कामावर किती वेळा चुकता तुम्ही?"

"चुकत नाही." मग तो खाली बघायला लागला. "पहिल्यांदा खरंच चुकलं. पातळ झाली असती तर वाया गेली असती, म्हणून जाड ठेवली. दुसऱ्यांदा... किती काढायचं ते मला माहीत होतं."

"मग?"

"मग रविवार संपले असते."

तो घाईनं पुढे बोलत राहिला — मामानं वांगणीचं स्थळ आणलंय, त्यांना आठवड्याभरात फोटो हवाय, आणि त्याला दुसरं कुठलंच स्थळ नकोय. "तुम्ही हो म्हणाल का?"

"हो," ती म्हणाली. "पण रिंग नीट करून आणा. आईंना खरं सांगा. त्यांनी फोटो मागितलाय, तो मी देणार. त्यांना फसवून मला तुमच्या घरात यायचं नाही."

रविवारी सोळा फुटांवर, पाण्याच्या टाकीपाशी विनीत उभा राहिला. तिचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, त्यामुळे फोकस करायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला. तो हलला नाही. फोटो घेऊन गेला, तो गेलाच. सोमवार गेला, मंगळवार गेला, साधा फोनसुद्धा नाही. यशोधरेनं दोन दिवस धड जेवण केलं नाही.

गुरुवारी दारात नऊवारीतल्या एक बाई उभ्या. विनीतच्या आई, बनूबाई. हातात पिशवी, सोबत कुणी नाही. शंकररावांनी जयभीम म्हटलं. त्या क्षणभर थांबल्या... आणि त्यांनीही जयभीम म्हटलं. मग आत येऊन पिशवीतून फोटो काढला.

"पोरानं सगळं सांगितलंय. मी तीन दिवस बोलले नाही त्याच्याशी, फोन पण करू दिला नाही. काल रात्री वांगणीला धाडायला म्हणून फोटू हातात घेतला." त्यांनी तो यशोधरेसमोर धरला. "कसा बघतोय बघ. हा फोटू दुसऱ्या पोरीच्या दारी कुठल्या तोंडानं नेऊ? जिच्याकडं बघतोय तिच्याच घरी आणलाय."

शंकररावांनी थरथरते हात जोडले. "ताई, तुमचे उपकार झाले."

"उपकार कसले?" बनूबाईंनी यशोधरेला जवळ ओढून घेतलं. "आजवर माझ्या पोराकडं कुणी एवढं नीट बघितलं होतं का?"