भूल उतरताना मारलेली हाक

हसा लेको, हसा! पण वान्था सिस्टर माझ्या मेहुणीची शेजारीण, आणि ती थापा मारणारी बाई नव्हे.

गेल्या साली भिक्खूंचा वर्षावास संपला ती पौर्णिमा. संध्याकाळचे सात चाळीस. मेकाँगवर दिवे सोडायला अर्धं इस्पितळ पळालेलं. वान्था एकटी, आणि अपेंडिक्स काढलेली सतरा वर्षांची पोर भुलीतून बाहेर यायची होती. फायलीतल्या लांबलचक नावाला ती हूं की चूं करेना. कागदावरच्या नावाला आपल्याकडे ओ देतं कोण? म्हणून वान्था बाहेर बसलेल्या आईला, सोमफितला, बोलवायला गेली.

"मावशी, घरी काय म्हणता हिला? आत येऊन त्याच नावाने हाका मारा."

सोमफितने मांडीवरची पिशवी उचलली. मग म्हणाली, "निम."

भूल एका झटक्यात उतरत नाही, बरं का. आधी श्वास आपला आपण चालायला लागतो. मग गिळणं. मग पापण्या हलतात. 'हात दाब' म्हटलं की हात दाबतो. माणूस येतो सगळ्यात शेवटी. तोवर दार उघडं आणि घर रिकामं.

"निम... ये गं बाई... घरी ये..."

आजारातून उठलं की तुमची आजी भेदरलेल्या ख्वानला, अंगातल्या जिवाला, नावाने बोलावते ना? अगदी तशी सोमफित आळवत होती. पोरीने गिळलं. हात दाबला. डोळे उघडले.

"आई..." आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा. "तळ्यातून किती हाका मारल्या तुला..."

वान्था आईकडे वळली. "मावशी, निम कोण?"

"माझी थोरली. नवव्या वर्षी तळ्यात बुडाली, त्याला दहा वर्षं झाली."

"मग ही?"

"ही केव. काठावर बसून बघत होती कार्टी. कुणाला साधी हाक मारली नाही."

"अहो, सात वर्षांची होती ती! केव म्हणून बोलवा! अजून येईल... बोलवा ना!"

सोमफितने पिशवीत हात घातला. पांढरा दोरा काढला. आलेला ख्वान परत जाऊ नये म्हणून बांधतात, तोच. पोरीच्या मनगटाला गच्च गाठ मारली.

"केव!" वान्थाच ओरडली. "केव!"

मॉनिटरवर नाडी उसळली. एकशे चाळीस. एकशे साठ...

मग उतरली.

...

पोर आईकडे बघून हसली.

डॉक्टर म्हणाला, "भुलीनंतर बरळतातच सगळे." तिसऱ्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. वान्था सलाइनची सुई काढायला गेली, तेव्हा दोरा जरा सरकला. खाली कातडी धड होती. ओरखडा नाही, रक्त नाही. पण अक्षरं वर आलेली. उलटी... आतून लिहिलेली.

केव.

पोर आईशी खिदळत होती. आणि शेवटचं अक्षर अजून उमटत होतं.